बातमी कुठे अडते, ते आधी ठरवा

छोट्या गावातल्या वार्ताहराला नायक करून गुन्हेगारी कादंबरी लिहायला बसलेला माणूस सहसा प्रेतापासून सुरुवात करतो. विहिरीत, उसाच्या फडात किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात प्रेत सापडतं, वार्ताहर मोटारसायकलवरून पोचतो, फौजदार त्याला हाकलून देतो, आणि पुढची अडीचशे पानं हा वार्ताहर पोलिसांचं काम पोलिसांपेक्षा बरं करून दाखवतो. अशी कादंबरी वाचनीय होऊ शकते, नाही असं नाही. पण तिच्यातला वार्ताहर नावापुरता असतो. त्याच्या जागी वकील, डॉक्टर किंवा निवृत्त हवालदार बसवला तरी कथानकाचं काही बिघडत नाही. ज्याला हा प्रकार मनापासून लिहायचा आहे, त्यानं खून नंतर ठरवावा. आधी हे ठरवावं, की या गावात बातमी कुठून येते, कोणाकोणाच्या हातांतून जाते, कुठे अडते आणि अडवणाऱ्याला त्यातून काय मिळतं. या कादंबरीतला काळोख प्रेताच्या वर्णनातून येत नाही. वार्ताहराला आदल्या रात्री जे ठाऊक होतं आणि सकाळी त्याच्या नावानं जे छापून आलं, त्या दोहोंत पडलेल्या अंतरातून तो येतो. हे अंतर नीट बांधता आलं तर एक साधा मृत्यूही पुरतो. ते बांधलं नाही तर पाच खून करूनही पुस्तक कोरडंच राहतं.

जिम थॉम्पसन या अमेरिकन लेखकाची 'द नथिंग मॅन' (१९५४) ही कादंबरी यासाठी बारकाईनं वाचावी. थॉम्पसननं स्वतः सॅन डिएगोतल्या दैनिकात नोकरी केली होती, आणि त्याचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं काल्पनिक पॅसिफिक सिटी हे शहर त्या ओळखीतूनच उभं राहिलं आहे. नायक क्लिंटन ब्राऊन तिथल्या दैनिकात काम करतो. महायुद्धात सुरुंगाच्या स्फोटात त्याचं पौरुष गेलेलं आहे. ज्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून तो त्या सुरुंगांच्या पट्ट्यात गेला, तोच आता त्याचा संपादक आहे. या एका मांडणीनं थॉम्पसननं किती कामं उरकली आहेत पाहा. संपादक अपराधी भावनेपायी ब्राऊनला काढून टाकू शकत नाही. ब्राऊन त्याला रोज टोचून टोचून छळतो. भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याला खेळवतो. आणि आपल्या हातून खून झाले आहेत असं धरून चालत असताना त्याच खुनांच्या बातम्यांभोवती त्याचा दिवस फिरतो. गुन्हा आणि नोकरी एकाच टेबलावर आहेत. शेवटाकडे तर, ज्यांना आपण मारलं असं तो समजत होता त्यांचे मृत्यू खरोखर त्याच्या हातून झाले का, यालाच तडा जातो. दुसऱ्यांच्या आयुष्याची हकीकत रोज खात्रीनं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या कृत्याची खात्री नाही. हा आघात पोलीस नायकाला किंवा डॉक्टर नायकाला इतका बसला नसता. तो बातमीदारालाच बसतो, कारण खात्रीनं सांगणं हीच त्याची रोजीरोटी आहे.

हीच गोष्ट बिली वाइल्डरच्या 'एस इन द होल' (१९५१) या चित्रपटात आणखी उघडी दिसते. मोठ्या शहरांतून हाकलला गेलेला एक बातमीदार न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कच्या लहान दैनिकात नोकरी धरतो. एक माणूस गुहेत अडकतो. त्याला लवकर बाहेर काढण्याचा मार्ग असतो, पण बातमी लांबावी म्हणून हा बातमीदार डोंगराच्या माथ्यावरून भोक पाडण्याचा वेळखाऊ मार्ग घ्यायला लावतो. निवडणूक तोंडावर असलेला शेरीफ त्याला साथ देतो आणि माणूस आत मरतो. त्यामागे १९२५ साली केंटकीत फ्लॉइड कॉलिन्स हा गुहेत अडकून मेला ती खरी घटना आहे. तिचं वार्तांकन करणाऱ्या बातमीदाराला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. वाइल्डरच्या गोष्टीत बंदूक नाही, विष नाही. मारेकरी म्हणाल तर बातमीची पहिल्या पानावरची जागा.

डेव्हिड पीस या इंग्रज लेखकाची 'नाइन्टीन सेव्हन्टी-फोर' (१९९९) या वाटेनं बरीच पुढे जाते. काळ १९७४ चा डिसेंबर, प्रदेश यॉर्कशर. एडवर्ड डनफर्ड हा तरुण गुन्हे वार्ताहर एका हरवलेल्या मुलीच्या बातमीवर आहे. घरी वडिलांच्या अंत्यसंस्काराचं बघायचं आहे, आणि याच्या डोक्यात घोळतंय ते हे, की प्रतिस्पर्धी ज्येष्ठ बातमीदार पहिल्या पानावर आपल्याला मागे टाकणार. नायकाचा हा हावरटपणा पीस झाकत नाही. त्यातूनच डनफर्ड बिल्डर, नगरसेवक आणि पोलीस यांच्या साट्यालोट्यात खोल अडकत जातो. ऑसेट या गावात वाढलेल्या पीसनं हे हवेतून आणलेलं नाही. जवळच्या पाँटिफ्रॅक्टचा वास्तुविशारद जॉन पोल्सन सार्वजनिक बांधकामांची कामं मिळवण्यासाठी लाच दिल्याबद्दल १९७४ साली तुरुंगात गेला होता, आणि त्या प्रकरणाच्या झळीनं १९७२ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. याच भागातल्या पोलिसांनी स्टीफन किश्को या निरपराध माणसाकडून कबुली घेतली. १९७६ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि सोळा वर्षं गेल्यावर १९९२ मध्ये तो सुटला. कादंबरीत कमकुवत मनाच्या एका तरुणाकडून घेतलेल्या कबुलीला हा संदर्भ आहे. माझ्या मते मुलीच्या देहाची विटंबना दाखवणारी पानं, ज्यांच्यामुळे हे पुस्तक गाजलं, हीच त्यातली कच्ची बाजू आहे. ती वाचून अंगावर काटा येतो आणि ओसरतो. पोलीस कोठडीतली आणि संपादकीय खोलीतली पानं मात्र मनातून जात नाहीत, कारण त्यांतला प्रत्येक माणूस काहीतरी राखायला बसलेला आहे. कोणी टेंडर, कोणी बढती, कोणी नुसती खुर्ची. नव्या लेखकानं पीसकडून रक्त उचलू नये, हे हितसंबंधांचं जाळं उचलावं.

जिलियन फ्लिनच्या 'शार्प ऑब्जेक्ट्स' (२००६) मधली बातमीदार शिकागोहून मिसुरीतल्या आपल्या जन्मगावी जाते. एका मुलीचा खून झालाय, दुसरी बेपत्ता आहे, आणि संपादक तिलाच पाठवतो, कारण ती तिथली आहे. गावाची चूल डुकरांच्या व्यवसायावर पेटते आणि तो व्यवसाय तिच्या आईच्या घराण्याचा आहे. एवढ्यात लेखिकेचं निम्मं काम झालं. ज्या घरात वार्ताहर जेवते त्याच घराविरुद्ध गाव बोलत नाही. छोट्या गावाचा खरा अडसर बहुधा गुपितांचा नसतो, नात्यांचा असतो.

आता हे आपल्या मातीत कसं आणायचं? त्यासाठी तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कोण, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. सिनेमातला पत्रकार खांद्यावर झोळी अडकवून सत्याच्या मागे धावतो. तालुक्याचा प्रतिनिधी बरेचदा दुसराच काही धंदा करून बातमीदारी करतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, शेती असते, विम्याची एजन्सी असते, कधी त्याच वर्तमानपत्राची विक्रीची एजन्सीही असते. त्याला पगार नसतो, मानधन असतं, आणि ते इतकं तुटपुंजं असतं की जाहिरातींचं कमिशन हीच खरी कमाई ठरते. जाहिराती कोणाच्या? आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी, सभापतींच्या निवडीचं अभिनंदन, पतसंस्थेचा अहवाल, बिल्डरची नवी स्कीम, कोणाच्या तरी वडिलांचं प्रथम पुण्यस्मरण. ज्यांच्याविषयी उद्या वाईट बातमी लिहायची वेळ येऊ शकते, ते सगळे याच यादीत असतात. जिल्हा कार्यालयाकडून दिवाळीला जाहिरातींचं टार्गेट येतं. उधारीवर छापलेल्या जाहिरातींची वसुली वार्ताहराच्या गळ्यात पडते, आणि ती थकली तर त्याच्या मानधनातून कापली जाते. तेव्हा पहिलं प्रकरण लिहिण्याआधी आपल्या नायकाच्या एका महिन्याच्या जमाखर्चाचं पान तयार करा. कोण त्याचं देणं लागतो, तो कोणाचं लागतो, मुलीची फी कधी भरायची आहे, गाडीचा हप्ता कोणत्या पतसंस्थेचा आहे. हे पान कादंबरीत छापायचं नाही. पण ते लिहून झालं की खून कोणाच्या शेतात घडवायचा याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

बातमीचा प्रवास जवळून पाहायचा तर एक कल्पित उदाहरण घेऊ. नदीकाठच्या गावात एकोणीस वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं. वार्ताहर रात्री आठ वाजता मोबाइलवर टाइप करून बातमी पाठवतो: वाळू उपशासाठी यंत्रानं खोदलेल्या खड्ड्यात बुडून तरुणाचा मृत्यू, लिलाव न झालेल्या या घाटावर रात्री उपसा चालतो अशी ग्रामस्थांची तक्रार. डेस्कवरचा उपसंपादक विचारतो, तहसीलदारांचं म्हणणं घेतलं का? प्रश्न अगदी रास्त आहे. तहसीलदारांचा फोन लागत नाही. पान सोडायची वेळ झालेली असते. ग्रामस्थांची ओळ उडते. मग कोणाच्या तरी ध्यानात येतं की यंत्र म्हटलं की यंत्राचा मालक आला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या सासऱ्यांची पानभर जाहिरात आहे. यंत्रही जातं. बातमी फार लहान झाली म्हणून पोलिसांच्या प्रेसनोटमधली दोन वाक्यं जोडली जातात. सकाळी छापून येतं: पोहण्यासाठी गेलेल्या तरुणाचा नदीपात्रातील खड्ड्यात बुडून मृत्यू झाला, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास हवालदार अमुक अमुक करीत आहेत. उपसंपादकानं आपलं काम केलं, जाहिरात विभागानं आपलं. संपादकाला तर हा मजकूर दिसलासुद्धा नाही. आणि वाचकाला बाराव्या पानापासून ठाऊक आहे की या मुलाला पोहता येत नव्हतं. तो पोहायला गेला होता, हे पहिल्यांदा कोणी म्हटलं? इथून पुढे तुमच्या कादंबरीला वेगळा गुप्तहेर लागत नाही. वार्ताहराच्या खिशात त्याचा मूळ मसुदा आहे, हातात छापील बातमी आहे, आणि त्या दोहोंत कोणाकोणाची बोटं फिरली याचा माग काढत गेलं की खुन्यापर्यंत पोचता येतं. वाटेत त्याला आपल्या स्वतःच्याही बोटांचे ठसे सापडावेत.

म्हणूनच कादंबरीत बातम्या लिहून दाखवा, त्यांचा नुसता उल्लेख करून पुढे जाऊ नका. पोलीस बातमीची आपली एक ठरीव भाषा आहे: याबाबत पोलिसांकडून मिळालेली माहिती अशी, की, अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल, कारण अद्याप समजू शकलेलं नाही, व्हिसेरा राखून ठेवला आहे. ही भाषा थंड आहे, कर्मणी प्रयोगात लपणारी आहे, आणि नायकाच्या मनातल्या भाषेशेजारी ठेवली की तीच वाचकाला बोचू लागते. प्रथमपुरुषी निवेदन घेतलं तर हा दुहेरी सूर सहज साधतो. त्याचा धोका एवढाच, की बातमीदार नायकाला दर परिच्छेदाअखेर जगाविषयी कडवट सुभाषितं सुचू लागतात. ती खोडून टाका. थॉम्पसनचा ब्राऊन कडवट आहे, पण तो दुसऱ्याला खिजवण्यासाठी बोलतो. वाचकाला ज्ञान देण्यासाठी तो थांबत नाही.

तपशिलात चूक झाली की हा प्रकार कोसळतो, कारण त्याचा सगळा भार कागदपत्रांवर आहे. कथानक १ जुलै २०२४ नंतरचं असेल तर खुनाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली दाखल होतो. पात्रांच्या तोंडी जुनं ३०२ राहू द्या, लोक अजूनही तसंच बोलतात. पण एफआयआरच्या कागदावर ते आलं तर ती लेखकाची चूक ठरेल. संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणजे गुन्हा दाखल झालेला नसतो, आणि त्या नोंदीतून गुन्ह्याकडे जाण्याचा रस्ता किती दिवस बंद ठेवता येतो, हे एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. व्हिसेरा प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला महिने लागू शकतात. तोवर गावात पाऊस येऊन जातो, खड्डा बुजतो, निवडणूक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचे असतात. तेव्हा आजच्या काळातला वार्ताहर फक्त ठाणे अंमलदाराच्या मेहरबानीवर जगतो असं दाखवू नका; एखादा एफआयआर संकेतस्थळावर का दिसत नाही, हा प्रश्न त्याला पडू द्या.

पीडितेची ओळख हा विषय तर या कादंबरीसाठीच असल्यासारखा आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. पूर्वीच्या दंड संहितेचं २२८अ आणि आताच्या न्याय संहितेचं कलम ७२ हेच सांगतं, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ ही बंदी घालतं. मोठ्या शहरात नाव गाळलं की काम भागतं. दोन हजार वस्तीच्या गावात 'आश्रमशाळेत नववीत शिकणारी, ऊसतोड मजुराची मुलगी' एवढं छापलं की नाव छापल्यासारखंच झालं. वार्ताहरानं नाव गाळलं, कायद्याचा निम्मा भाग पाळला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात सगळ्यांनी तिलाच पाहिलं. अशा वार्ताहराला खलनायक करायची गरज नाही. घाईत असलेला, बरा माणूस ठेवा. त्यानं केलेलं नुकसान तेवढंच राहतं आणि वाचकाला त्याच्यापासून लांब उभं राहता येत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) मधला पत्रकार बाईचा बाजार उघड करण्यासाठी बाईच विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो; त्याला आपण वाईट वागतोय असं वाटतसुद्धा नाही. मराठीत या विषयाचा पाया असा आधीच घातलेला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एवढं कोंदट मराठी वाचकाला सोसणार नाही, त्याला शेवटी काहीतरी उजेड हवा असतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी 'सिंहासन' आठवावा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा जब्बार पटेलांचा तो चित्रपट १९७९ चा. त्यातल्या सत्तेच्या खेळात कोणी हरतं, कोणी जिंकतं, खेळ तोच राहतो, आणि सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. चाळीसहून अधिक वर्षं मराठी माणूस तो शेवट विसरलेला नाही. तो मुंबईचा पत्रकार होता, तालुक्याचा नव्हे, पण मुद्दा वाचकाच्या तयारीचा आहे आणि ती तयारी आहे. वाचक कंटाळतो तो काळोखाला नव्हे, एकसुरीपणाला. म्हणून विनोद लागतो. तालुक्याच्या पत्रकारितेत तो ठासून भरलेला आहे: वाढदिवसाच्या पानावर कोणाचा फोटो मोठा यावरून झालेलं भांडण, एकाच कार्यक्रमाची तीन गटांनी पाठवलेली तीन प्रेसनोट्स, चुकून श्रद्धांजलीच्या चौकटीत गेलेला जिवंत कार्यकर्ता. असा विनोद नसेल तर काळोख नाटकी वाटू लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अशी कादंबरी प्रामाणिक बातमीदारांवर अन्याय करते, असं म्हटलं जातं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून मारल्याचा गुन्हा नोंदला गेला, तो त्या भागातल्या प्रकल्पाच्या जमिनींशी संबंधित माणसाविषयीची त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशीचा. छत्तीसगडच्या बिजापूरमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार मांडणाऱ्या मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह जानेवारी २०२५ मध्ये सेप्टिक टँकमध्ये सापडला. ही माणसं असताना तडजोड करणारा वार्ताहर नायक का करायचा? याचं उत्तर असं, की तडजोडीची कादंबरी त्यांच्या बाजूनंच उभी राहते. वारिसेंसारख्या माणसानं काय पणाला लावलं, हे समजायचं तर न लिहिणाऱ्याला रोज काय मिळतं ते दिसलं पाहिजे. पुस्तकात एक तरी माणूस लिहिणारा ठेवा. नायकाचा जुना सहकारी असेल, शेजारच्या तालुक्यातला साप्ताहिकवाला असेल. त्याला हुतात्मा करून कोपऱ्यात उभं करू नका. त्यालाही अहंकार द्या, चुका द्या, उधारी द्या. नायकाला पर्याय होता हे वाचकाला त्याच्यामुळे कळतं, आणि पर्याय होता हे कळल्याशिवाय तडजोड बोचत नाही, ती नुसती परिस्थिती वाटते. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळानं पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला; त्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खाली जात नाही. पण ज्याच्याकडे नेमणुकीचा कागदच नाही असा मानधनावरचा वार्ताहर मार खाऊन आला, तर तो आमचा माणूस आहे हे दैनिक लेखी देईल का? या एका प्रश्नावर कादंबरीचा मधला भाग उभा राहू शकतो.

आता वर्तमानपत्रं वाचतो कोण, गावात व्हॉट्सअॅपवर सगळं आधीच फिरलेलं असतं, असंही कोणी म्हणेल. खरं आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्या. मुलाच्या प्रेताचा व्हिडिओ सकाळी सहाला सगळ्यांच्या फोनवर आहे. तरीही त्याची आई छापील बातमी कापून ठेवते, कारण तलाठ्याकडे, वकिलाकडे, विमा कंपनीकडे ती दाखवता येते. छापलेल्या खोट्याला असं वजन अजून आहे. ते वजन संपेल तेव्हा हा प्रकार ऐतिहासिक कादंबरीत जमा होईल. मग १९९५ किंवा २००९ सालात जाऊन लिहा. २००९ च्या निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं, वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखेच लेख आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवलं, आणि प्रेस कौन्सिलच्या समितीनं त्यावर अहवाल केला. त्या काळातला तालुका वार्ताहर आजही कोणी मराठीत धड लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

शेवटाचं काय करायचं? दोन शेवट सहज सुचतात आणि दोन्ही टाळावेत. एकात वार्ताहराला मारून टाकतात, दुसऱ्यात तो सगळं उघडकीला आणून मुंबईला निघून जातो. पहिल्यात वाचकाला रडून मोकळं होता येतं, दुसऱ्यात टाळ्या वाजवून. नायक गावातच राहिला तर? बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा दिवस म्हणून ६ जानेवारीला तालुकोतालुकी पत्रकार दिन होतो. शाल, श्रीफळ, डायरी, पेन आणि नाश्ता. हा प्रसंग लिहिलाच तर वाळूच्या ठेकेदाराला प्रमुख पाहुणा करण्याचा मोह आवरा; तो तिसऱ्या रांगेत बसलेला पुरे, फक्त डायऱ्यांवर त्याच्या फर्मचं नाव छापलेलं असू द्या. नायक डायरी घेतो की नाही, आणि घेतली तर त्यात पहिली नोंद कशाची करतो, एवढ्यावर दोन पानं सहज लिहिता येतील.

राहता राहिली नावं. आपल्या तालुक्यातल्या खऱ्या प्रकरणावरून लिहीत असाल तर गाव, नदी आणि जात बदलली म्हणजे झालं असं समजू नका. पात्र ओळखू येत असेल तर 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ फारशी वाचवत नाही. बदनामीची तरतूद आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं मृत व्यक्तीविषयी केलेलं विधानही तिच्या कक्षेत येऊ शकतं. दोन-तीन प्रकरणांची सरमिसळ करा, हुद्दे बदला, गुन्ह्याची पद्धत तर नक्कीच बदला. ज्या घरात खरंच माणूस गेलंय त्या घराचे तपशील वापरू नका. कादंबरीतल्या दैनिकाचं नाव ठरवताना भारत सरकारच्या प्रेस रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर ते शोधून पाहा. मराठीत 'जनमत', 'लोकशक्ती', 'युगधर्म' असली नावं सुचली की ती कोणीतरी कुठल्यातरी जिल्ह्यात आधीच नोंदवलेली निघण्याची दाट शक्यता असते. नाव सापडलं तर दुसरं शोधा, आणि त्याच बैठकीत कादंबरीतल्या पतसंस्थेचं आणि साखर कारखान्याचं नावही तपासून घ्या.